कमानीचे लाकूड आणि ओलाव्याचा हिशोब

कापूस आणि कापडाच्या धंद्यात वावरणाऱ्या माणसाला ओलावा म्हणजे काय चीज आहे, हे कुणी शिकवावे लागत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गाडी घेऊन गेलेला शेतकरीसुद्धा ते जाणतो. तेथे कापसातील ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो, आठ ते बारा टक्क्यांपर्यंत असला तर भावात कपात होते आणि बाराच्या वर गेला तर माल नाकारला जातो. कारण उघड आहे. ओल्या कापसाबरोबर खरेदीदार पाणी विकत घेत असतो, आणि ते पाणी पुढे गंजीत मालच खराब करते.

लाकडाचा मामला यापेक्षा वेगळा नाही. कापूस असो, ज्यूट असो, बांबू असो की सागाची फळी, मुळात सगळे झाडाचेच धागे. हवा दमट झाली की ते पाणी पितात, हवा कोरडी झाली की सोडतात. खिडकीची चौकट पावसाळ्यात फुगून बसते तेव्हा आपण दोन शिव्या घालतो आणि विसरून जातो. पण एक वस्तू अशी आहे की जिच्यात लाकडाच्या पोटातील पाणी दोन-चार टक्क्यांनी इकडे-तिकडे झाले तर मालच फुकट जातो. ती वस्तू म्हणजे कमान, म्हणजेच धनुष्य. आज या पानावर त्या कमानीच्या लाकडाचा हिशोब मांडायचा आहे.

हा विषय व्यापाराचा कसा?

काही वाचक विचारतील की तोफा-बंदुका येऊन शतके लोटली, आता कमानीचा व्यापार कसला? आमच्या खर्ड्याच्या माळावर मार्च १७९५ मध्ये पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली, तेव्हाच तोफा आणि कवायती पलटणींचा जमाना आलेला होता. ते खरे आहे. पण कमान तेथे संपली नाही. तिने फक्त जागा बदलली.

एक जागा आमच्याच धंद्यातील आहे. कापूस पिंजणाऱ्या पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी बिरादरीचे हत्यार म्हणजे एक मोठी लाकडी कमानच होती. तिला कुठे पिंजण म्हणतात, कुठे धनुकली. जाड लाकडी दांडा, त्यावर ताणून बांधलेली तात आणि त्या तातीवर मारायचा लाकडी ठोकळा. दमट दिवसांत कापूस मोकळा होत नाही, तातीचा आवाज बसतो, दांडा थोडा जरी झुकला तरी ताण उतरतो, हे या मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विजेवर चालणारी पिंजण-यंत्रे आली आणि खांद्यावर कमान टाकून गल्लीत येणारा पिंजारी जवळजवळ दिसेनासा झाला.

दुसरी जागा सातपुड्यात आहे. नंदुरबारकडचे भिल्ल बांधव बांबूचा कामठा करतात आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची असते. लाकूड, दोरी, बाण, सगळे रानातलेच.

तिसरी जागा खेळाच्या मैदानात आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवले. त्यांची कमान धातूची, चाके लावलेली आणि फार महाग असते हे खरे. परंतु आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा स्पर्धेचा प्रकार आहे. त्यात बांबूची किंवा लाकडाची साधी कमान वापरून ५० आणि ३० मीटरवरून नेम धरतात. शाळकरी मुला-मुलींची सुरुवात याच कमानीवर होते. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण चांगली कमान बनवणारा कारागीर शोधावा लागतो, आणि जो सापडतो त्याच्याकडील दहा कमानींपैकी काही महिन्याभरात वाकून बसतात, काही पहिल्याच उन्हाळ्यात तुटतात. यात कारागिराचा हात कच्चा असतो असे नाही. पुष्कळदा त्याचे लाकूड कच्चे असते.

पाणी कमानीचे काय करते?

कमान ओढली की तिच्या दोन बाजूंवर दोन वेगळे भार पडतात. जी बाजू नेमाच्या दिशेला असते तिला पाठ म्हणू. ती ताणली जाते. जी बाजू तिरंदाजाकडे असते तिला पोट म्हणू. ते दाबले जाते. हिरव्या, ओल्या लाकडाचे पोट दाब सहन करीत नाही. त्यातील धागे चेपले जातात आणि दोरी उतरवली तरी कमान सरळ होत नाही, थोडी वाकडीच राहते. असा वाक एकदा बसला की तो कायमचा. कमान तुटलेली नसते, पण बाण पूर्वीसारखा जात नाही. शिवाय ओले लाकूड जड असते, त्यामुळे कमानीची ताकद बाणाला मिळण्याऐवजी स्वतःच्याच भुजा हलवण्यात खर्च होते.

शास्त्रीय प्रयोगांतून मिळालेला ढोबळ नियम असा आहे की लाकडातील ओलावा एक टक्का वाढला की दाब सहन करण्याची ताकद सुमारे पाच ते सहा टक्क्यांनी, वाकताना टिकण्याची ताकद सुमारे चार टक्क्यांनी आणि ताठपणा सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे १० टक्क्यांवर असलेली कमान १६ टक्क्यांवर गेली की तिच्या पोटाचा जोर पंचवीस-तीस टक्क्यांनी घटला.

मग लाकूड अगदी खडखडीत वाळवावे काय? तेही नाही. ओलावा सहा टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड ताठ होते, पण ठिसूळही होते. अशी कमान बाण जोरात फेकते आणि एके दिवशी पाठीवरचा एखादा धागा उचकटून तिचे तुकडे होतात. ते तुकडे मुलाच्या चेहऱ्याजवळून उडतात, ही गोष्ट विकणाऱ्याने विसरू नये.

म्हणून कमानीसाठी आठ ते दहा टक्के ओलावा सर्वांत चांगला, बारापर्यंत चालण्यासारखा. कापूस खरेदीच्या आकड्यांशी हे आकडे किती जुळतात, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

जुन्या उस्तादांना काय माहीत होते?

उर्दू शाळेत शिकलेल्यांना ‘कमानगर’ हा शब्द नवा नाही. कमानगर म्हणजे कमान घडवणारा. मोगल काळात जी उंची कमान होती ती नुसत्या लाकडाची नसे. आत लाकूड, पोटावर शिंगाची पट्टी, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि हे सर्व सरसाने चिकटवलेले. कोरड्या मुलखात ही कमान अजोड. पण हिंदुस्थानच्या पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि स्नायूंचे तंतू पाणी पितात. म्हणून अशा कमानी दमट हवेपासून फार जपाव्या लागत. आपल्या देशात सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्ण पोलादी कमानीही घडवल्या गेल्या आणि आज त्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. पोलादी कमान शिंगाच्या कमानीइतका बाण फेकत नसे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी हवेने बिघडत नसे. कच्छमधील कमानगर घराणी पुढे भिंतीवरच्या चित्रकामाकडे वळली आणि ती चित्रकला त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सांगायचा मुद्दा असा की ओलाव्याची अडचण आजची नाही. फरक इतकाच की उस्तादाकडे नजर आणि हात होता, आज आपल्याकडे शिवाय वजनकाटा आहे.

‘वाळलंय’ या शब्दावर विश्वास ठेवू नका

वखारीत जाऊन विचारावे, ‘लाकूड वाळलंय का?’ उत्तर ठरलेले असते, ‘शेठ, सहा महिने पडलंय की!’ तो माणूस खोटे बोलत नाही. पण सहा महिने कुठे पडले होते, सालीसकट की साल काढून, जमिनीवर की दगडावर, पावसात की छपराखाली, हे त्यात येत नाही. अख्ख्या ओंडक्यात सालीखाली वर्षभरही पाणी टिकून राहते. दिवस मोजून लाकूड वाळत नाही. ते वजनाने मोजावे लागते.

त्याची रीत कोणत्याही दुकानदाराला जमण्यासारखी आहे. ज्या लाकडाची कमान करायची त्याच्या टोकापासून वीतभर आत बोटभर जाडीचा तुकडा कापावा. अगदी टोकाचा घेऊ नये, कारण टोक लवकर वाळते आणि खोटा आकडा देते. तुकडा लगेच तोलावा. मग घरच्या ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सियसवर ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा तोलावा. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आले की त्यातील सारे पाणी गेले असे समजावे. समजा ओला तुकडा १३० ग्रॅम भरला आणि वाळून १०० ग्रॅम राहिला. तर ३० ग्रॅम पाणी गेले, कोरड्या वजनाच्या ३० टक्के. हाच त्याचा ओलावा.

आता त्याच वेळी मुख्य लाकूड तोलून ठेवलेले असावे. समजा ते २,६०० ग्रॅम भरले. ओलावा ३० टक्के असेल तर त्यातील खरे लाकूड २,००० ग्रॅम. आपल्याला १० टक्के ओलावा हवा, म्हणजे काट्यावर २,२०० ग्रॅम यायला पाहिजेत. हा आकडा लाकडाच्या टोकावर पेन्सिलीने लिहून ठेवावा. दर आठवड्याला लाकूड काट्यावर ठेवायचे आणि वहीत तारीख व वजन मांडायचे. २,२०० वर आले की रंधा हातात घ्यायचा, तोवर नाही. यात अंदाज नाही आणि वादही नाही.

बाजारात दोन सुयांचे ओलावा-मापक यंत्र मिळते. ते सोयीचे आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरावे. साधारण सात टक्क्यांच्या खाली आणि पंचवीस-तीसच्या वर त्याचा आकडा भरवशाचा नसतो. झाडाच्या जातीप्रमाणे आणि उष्णतेप्रमाणे त्यात फरक पडतो. शिवाय सुया जितक्या खोल जातील तितक्याच भागाचे ते सांगते. वरून वाळलेले आणि आत ओले लाकूड त्याला सहज फसवते. म्हणून यंत्र जोडीला ठेवावे, मुख्य आधार काट्याचाच.

वजनाने लाकूड विकत घेणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करावा. ६० टक्के ओलाव्याचे १०० किलो लाकूड म्हणजे साडेबासष्ट किलो लाकूड आणि साडेसदतीस किलो पाणी. ते १० टक्क्यांवर आले की काट्यावर ६९ किलोसुद्धा भरत नाही. हा फरक खरेदीच्या भावात धरला नाही तर नफा तेथेच वाहून गेला.

खर्ड्याची हवा आणि कामाचे महिने

हवेतील दमटपणा एका पातळीवर बराच काळ राहिला तर लाकूडही एका ओलाव्यावर येऊन थांबते. आपल्या उष्णतेत हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड सुमारे ६ टक्क्यांवर थांबते, ५० असेल तर सुमारे ९ वर, ६५ असेल तर १२ च्या आसपास आणि ८० असेल तर १५-१६ वर. भारतीय मानक ब्युरोने लाकडाच्या ओलाव्यासाठी केलेल्या आयएस २८७ या मानकातही हवेच्या सरासरी आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासून देशी लाकडांवर काम करीत आली आहे. म्हणजे हे आकडे हवेतले नाहीत.

खर्डा हे जामखेड तालुक्यातील गाव, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीला लागून, बालाघाटच्या रांगांजवळ. पाऊस बेताचा. मार्च ते मे महिन्यांत दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि पावसाळ्यात सकाळची ८० च्या वर चढते. म्हणजे एकाच गावात, एकाच छपराखाली, तेच लाकूड वर्षातून एकदा ठिसूळ होण्याच्या बेताला येते आणि एकदा मऊ होण्याच्या. ही आमच्या भागाची अडचण आहे, पण कामाचे महिने नीट लावले तर सोयही आहे.

लाकूड आणि बांबू थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तोडावे. तोडलेल्या दिवशीच दोन्ही टोकांना जाड रंग, मेण किंवा डिंक फासावा. पाणी बाजूच्या अंगापेक्षा टोकातून दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते. टोके उघडी ठेवली की चिरा तेथूनच सुरू होतात. जुनी माणसे टोकांना शेण-माती लिंपत, त्यामागील कारण हेच. ओंडका अख्खा ठेवू नये. लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जितके आक्रसते त्याच्या निम्मेच गाभ्याच्या दिशेने आक्रसते, म्हणून गोल ओंडका तडकतोच. त्याचे उभे दोन किंवा चार भाग करावेत आणि कमानीच्या ढोबळ मापापेक्षा थोडे जाड तासून ठेवावे. बारीक माल लवकर आणि सारखा वाळतो. साल काढली असेल तर पाठीलाही रंगाचा हात द्यावा.

माल छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच पट्ट्यांवर, दोन थरांत हवा खेळेल अशा थप्पीने ठेवावा. पत्र्याला टेकवू नये. खरा धोका एप्रिल-मेमध्ये. गरम वारा सुटला की लाकडाचे अंग वाळते आणि पोट ओले राहते. अंग आक्रसू पाहते, पोट त्याला आक्रसू देत नाही आणि मग तडे जातात. त्या दोन महिन्यांत थप्पीवर गोणपाट टाकावे. घाईने उन्हात उभे केलेले लाकूड पुष्कळदा सरपणाच्या भावाने जाते.

पावसाळ्यात ओलावा पुन्हा चढतो. त्या काळात ढोबळ तासकाम करावे, शेवटचा तोल साधू नये. कमान थोडी-थोडी ओढून, दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे पाहत कानस आणि पत्तीने खरवडत जाण्याचे काम कोरड्या लाकडावरच करायचे असते. ओल्या लाकडावर ते केले की पहिल्याच ओढीला वाक बसतो. दिवाळीपासून होळीपर्यंतची हवा आमच्याकडे या कामाला सर्वांत मानवते. त्या दिवसांत लाकूड आपोआप आठ-दहा टक्क्यांच्या घरात असते.

बांबूची गोष्ट थोडी वेगळी

बांबू तीन-चार वर्षांचा घ्यावा. कोवळ्या बांबूत पाणी जास्त असते आणि तो वाळताना सुरकुततो. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेल्या बांबूत साखर-पिठाचा अंश कमी असतो, त्यामुळे भुंगा कमी लागतो. लाकूड ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेल्यावरच आक्रसू लागते. बांबू मात्र पहिल्या दिवसापासून आक्रसतो. म्हणून अख्खी काठी न ठेवता लगेच उभी चिरावी, सावलीत उभी करावी. कमानीसाठी आपल्याकडील भरीव जातीचा मानवेल बांबू चांगला. त्याच्या वरच्या अंगाचे धागे सर्वांत दाट आणि मजबूत असतात. ते अंग पाठीकडे ठेवावे आणि त्यावर पत्ती चालवू नये.

लाकडांमध्ये धामण हे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. चिवट आणि लवचीक म्हणून हत्यारांच्या दांड्यांना त्याला मान आहे. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, नावातच धनुष्य आहे.

कायद्याचाही एक मुद्दा ध्यानात ठेवावा. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. धामणीसारखे रानातले लाकूड मात्र परवानगीशिवाय घेऊ नये. पावती असलेलाच माल घ्यावा.

उबेची पेटी

पावसाळ्यातही काम चालू ठेवायचे असेल तर एक साधी पेटी पुरते. कमानीपेक्षा थोडी लांब लाकडी पेटी, तळाशी जुन्या तारेचे एक-दोन बल्ब, खाली आणि वर हवा येण्या-जाण्यासाठी भोके. ही पेटी पाणी शोषत नाही. ती हवा कोरडी करते. बाहेर २६ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा पेटीत ३८ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांवर येते. अशा हवेत लाकूड आठ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते. म्हणजे भर श्रावणात दिवाळीनंतरची हवा मिळाली. मात्र हिरवे लाकूड थेट पेटीत घालू नये, तडकेल. आधी ते सावलीत २० टक्क्यांच्या खाली यावे. लाकूड बल्बला लागू देऊ नये आणि पेटी चालू ठेवून घराला कुलूप लावून जाऊ नये.

कमानीचे पोट निखाऱ्यावर शेकण्याचीही एक रीत आहे. त्याने पोट ताठ होते. परंतु शेकताना लाकडातील पाणी फार खाली जाते. शेकून झाल्यावर कमान किमान आठवडाभर हवेवर राहू द्यावी, तिला हवेतून पुन्हा ओलावा घेऊ द्यावा, मगच ओढावी. शेकलेली कमान त्याच संध्याकाळी ओढून दाखवणे म्हणजे ती मोडून दाखवणे होय.

गिऱ्हाईक कोणत्या गावचे?

कापडवाल्याला गिऱ्हाईकाचे माप विचारावे लागते. कमानवाल्याने गिऱ्हाईकाचे गाव विचारावे. खर्ड्यात नऊ टक्क्यांवर केलेली कमान मुंबई-रत्नागिरीकडे गेली की काही आठवड्यांत तेथील हवेने तेरा-चौदावर जाईल आणि ओढायला हलकी लागेल. गिऱ्हाईक म्हणेल, माल मऊ निघाला. म्हणून किनाऱ्याकडील मागणीची कमान थोडी जड वजनाची करावी आणि तिला वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत. उलट कोकणात घडलेली कमान मे महिन्यात आमच्याकडे आणली तर ती वाळून ठिसूळ होईल. तेल, मेण, वॉर्निश यांनी पाण्याचे येणे-जाणे मंदावते, थांबत नाही. तसा दावा करून माल विकू नये.

प्रत्येक कमानीबरोबर एक चिठ्ठी द्यावी. काम झाले की दोरी उतरवावी. कमान भिंतीला टेकवून न ठेवता दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. भर उन्हाळ्यात दुपारी पूर्ण ताकदीने ओढू नये. भिजली तर पुसून सावलीत काही दिवस पडू द्यावी. चार ओळींच्या या चिठ्ठीने निम्म्या तक्रारी घटतील.

खरी अडचण भांडवलाची

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर सांगितलेले यातले कोणतेच काम अवघड नाही. मग कारागीर ओल्या लाकडाची कमान का करतो? त्याला कळत नाही म्हणून नव्हे. त्याच्या घरात चूल पेटायची असते म्हणून. आज घेतलेले लाकूड वर्षभराने पैसा देणार आणि वखारवाला पैसा आज मागणार. मधले बारा महिने कोण सांभाळणार? मग तो सहा आठवड्यांचे लाकूड तासायला घेतो. कमान वाकते, गिऱ्हाईक जाते, पुढच्या खरेदीला आणखी कमी पैसा उरतो आणि लाकूड आणखी कच्चे मिळते. अशा रीतीने चांगला हात असलेला माणूस बदनाम होतो आणि शेवटी धंदा सोडतो. लोक म्हणतात कला संपली. माझ्या मते पुष्कळ ठिकाणी भांडवल संपलेले असते.

यावर व्यापारी माणसाला सुचणारा उपाय तीन थप्प्यांचा आहे. पहिली थप्पी यंदा तोडलेल्या लाकडाची, दुसरी गेल्या वर्षीच्या, तिसरी काट्यावर उतरलेल्या तयार लाकडाची. काम फक्त तिसरीतून करायचे, आणि तिसरीतून जितके नग निघतील तितके पहिलीत त्याच हंगामात टाकायचे. पहिले वर्ष जड जाते. त्या वर्षी कमानीवर घर चालवायचे नाही. हत्यारांचे दांडे, खाटा, इतर सुतारकाम करीत राहायचे आणि लाकूड वाळू द्यायचे. कुणी व्यापारी भागीदार झाला तर त्याने पैसा तयार मालावर न लावता या पहिल्या थप्पीवर लावावा. थप्पी डोळ्यांसमोर असते, वहीत वजन असते, त्यामुळे पैसा कुठे आहे हे दोघांनाही दर आठवड्याला दिसते. सुरुवात वीस-पंचवीस नगांपेक्षा जास्त करू नये.

पिंजाऱ्यांची मुले आज गादी कारखान्यात, गॅरेजमध्ये, फर्निचरच्या दुकानात मजुरी करताना दिसतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचा दांडा, तात आणि हवा यांचे नाते हाताने ओळखले जाई, त्या घरातील एखाद्या तरुणाने सुताराशी भागी करून हा छोटा धंदा उभा केला तर तो परका ठरणार नाही. त्याला लागणारी सामग्री मोठी नाही. एक वजनकाटा, एक वही, छपराखाली दहा फूट जागा, दोन-चार हत्यारे आणि एक वर्षाचा सब्र. लाकूड कधी तयार होईल हे वहीतील वजनच सांगेल; तोवर गिऱ्हाईकाला तारीख देऊ नये.